सीरियस, पण अलाइव्ह

प्रिय तन्वी आणि निखिल,

हे मराठीत लिहिते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवेल. वाचताना तो कुठे थांबला तर त्याला घाई करू नका. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं, जन्मभर तेच शिकवलं. पण सध्या इंग्रजीतला एक शब्द उचलला की त्याच्या शेजारचा पुढे येतो आणि विचारतो, मी का नाही? एक ओळ धड पुरी होत नाही.

तन्वी, निघताना दारात तू मला विचारलंस, "आजी, तू बाबाला मेसेज केलास तेव्हा आजोबा होते का?" मी म्हटलं, नव्हते. तू म्हणालीस, "मग सीरियस का लिहिलंस? सीरियस आणि डेड एक नाहीत. तू तर इंग्लिशची टीचर आहेस." खाली गाडी उभी होती. मी तुझी बॅग उचलून जिन्याकडे निघाले. त्यानंतर दर रविवारी फोन येतो. निखिल बोलतो, तुमची आई बोलते, आणि तुझी पाळी आली की तू अभ्यासाला बसलेली असतेस.

म्हणून आता लिहिते आहे. अजून थांबले तर तुझी ती सवय होईल आणि माझीही. उत्तर थेट तुला देता येत नाही, कारण ते सगळं माझं नाही. अर्धं तुझ्या आजोबांचं आहे, आणि त्यांच्याशी माझं बोलणं मध्येच तुटलं. तेव्हा यापुढे मी त्यांच्याशीच बोलणार आहे. तुम्ही जवळ बसून ऐका.

*

अहो, ऐकता ना?

घरात सगळं जागच्या जागी आहे आणि मला काही सापडत नाही. कपाट उघडते, उघडं ठेवून स्वयंपाकघरात जाते, तिथे कशाला आले ते आठवत नाही म्हणून परत येते. तुम्ही असता तर पेपरमधून मान न काढता म्हणाला असता, "काय धुंडून राहिली, मास्तरीनबाई?" मी म्हटलं असतं, "धुंडत नाही, शोधते आहे." आणि तुम्ही म्हणाला असता, "दोन्हीत सापडलं नाई ना?"

ही आपली पहिल्या दिवसापासूनची तऱ्हा. तुम्ही मला बघायला अमरावतीला, राजापेठेत आमच्या घरी आलात, तेव्हा माझे वडील दिवाणखान्यात परीक्षक होऊन बसले होते. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा माणूस. जेवायला बसल्यावरसुद्धा आम्हा भावंडांना 'इल' आणि 'सिक' यांतला फरक विचारायचा. अकोल्याच्या तारघरात नोकरीला असलेला मुलगा समोर आल्यावर ते कसले सोडतात? म्हणाले, "तुम्ही तारा घेता-देता, म्हणजे रोज इंग्रजीशी गाठ. मग सांगा, रीच आणि अराइव्ह यांत फरक काय?"

तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "मास्तर, मले तं एवढंच समजते, दोन्हीत कोनी तरी स्टेशनावर घ्याले जा लागते."

वडील इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आत मी दाराला टेकून उभी होते आणि मला राग आला होता, कारण मला खरं उत्तर येत होतं. तुम्ही गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, "उत्तर चुकलं त्यांचं." ते म्हणाले, "चुकलं. पण हा स्टेशनवर घ्यायला येईल, एवढं नक्की." त्या बाबतीत वडील बरोबर निघाले. मी माहेराहून अकोल्याला परतले आणि तुम्ही फलाटावर नाही, असं एकदाही झालं नाही. कधी कधी तर ड्यूटी सोडून, कुणाच्या तरी हातापाया पडून यायचात.

अकोल्याला आपण तारघरामागच्या गल्लीत राहायचो. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. 'होम' कुठे, 'हाउस' कुठे, 'लोनली' आणि 'अलोन' यांत काय वेगळं, हे मुलींच्या वहीत लाल शाईने लिहायचे आणि संध्याकाळी तेच तुम्हाला सांगायचे. तुम्ही ताटाच्या कडेवर बोटाने तारेची टकटक करत ऐकून घ्यायचात. कधी विचारायचात, "अन हे सांगितल्यावर पोरीईचं घर मोठं होते का?" मी चिडायचे. तुम्हाला मी चिडलेली आवडायची, हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्या काळी तार म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हणजे आपलं घर, असा गल्लीचा हिशेब होता. खाकी कपड्यातला तारवाला दुरून दिसला तरी बाया आधी रडायला सुरुवात करायच्या, मग कुणीतरी लिफाफा घेऊन आपल्याकडे धावायचं. आणि ज्यांना तार करायची असेल ते तारघराच्या खिडकीत जाण्याआधी आपल्या ओसरीवर यायचे.

सरूबाई फुलवाली आली ती सकाळ मी विसरलेले नाही. तिचा नवरा पहाटे गेला होता. मुलगा भुसावळला रेल्वेत. ती ओसरीच्या पायरीवर बसली, हातात अजून फुलांची ओली फडकी होती. म्हणाली, "बाबू, लेकाले कळवा. बाप गेला म्हना."

तुम्ही म्हणालात, "गेला असं नाई लिवत, सरूबाई. सीरियस लिवतो."

"म्हनजे?"

"लय बिमार हाय, असं."

"मंग तो येईल ना?"

"येईल. पयल्या गाडीनं येईल."

ती गेली आणि मी आतून बाहेर आले. "हे खोटं आहे," मी म्हटलं. "एक्सपायर्ड लिहा, डेड लिहा, नाहीतर नो मोअर लिहा. तीन शब्द आहेत आणि तिन्ही खरे आहेत. तुम्ही नेमका चौथा काढलात."

तुम्ही सदऱ्याची बटणं लावत होतात. "भुसावळहून अकोल्यापर्यंत गाडीत त्याच्या संगतीले कोन हाय, सांग बरं?"

"कोणी नसेल."

"घरी आला म्हनजे सारी गल्ली हाय त्याले धरायले. गाडीत कोनी नाई. तेवढ्यापुरतं हाय हे."

"म्हणजे त्याला आशेवर बसवून आणणार तुम्ही."

"आशेवर नाई, बापा. गाडीत बसवून आनतो."

आणि हे तुमच्या एकट्याचं नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. सगळ्या वऱ्हाडात असंच चालायचं. मेलेल्या माणसाची तार 'सीरियस' म्हणूनच जायची. ज्यांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं त्यांनाही तो शब्द माहीत होता. तुमच्या गावचे बंडूगुरुजी, तुमचे चुलतभाऊ, गावातल्या लोकांच्या तारा लिहून द्यायचे. त्यांना तुम्हीच शिकवलं होतं: मेलं तरी सीरियसच लिवजा, दादा.

सरूबाईचा मुलगा नंतर आपल्याकडे हार घेऊन आला होता. आठवतं? मी मुद्दाम विचारलं, "तार वाचून काय वाटलं तुला?" तो म्हणाला, "वाटायचं काय, बाई? सीरियस वाचलं अन समजलो, बाप गेला." मी तुमच्याकडे बघितलं. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. तुम्ही त्याला विचारलंत, "सारा समजला होता का रे? थोडीशीबी जागा नोती रायली?" त्याने हार तुमच्या हातात दिला. मग म्हणाला, "होती. शेगाव गेलं तरी होती."

मी तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हटलं, "तुम्ही सगळे मिळून एक चांगला शब्द वापरून वापरून घासून टाकता आहात. उद्या खरंच कुणी सीरियस असेल, तर काय लिहाल?"

"तवा पाहू," तुम्ही म्हणालात.

हे माझं वाक्य मी नंतर कधी उच्चारलं नाही. पण ते तुमच्या लक्षात होतं की नाही, हे आजतागायत मला माहीत नाही. आता कुणाला विचारू?

सतीशच्या वेळी मी राजापेठेत बाळंतपणाला आले होते. तुम्ही अकोल्याला एकटे. त्या दुपारी यंत्रावर तुम्हीच बसला होतात आणि तुमच्या गावाकडची, मूर्तिजापूरची लाइन तुमच्याच कानाशी होती. पत्ता सुरू झाला आणि तुमचं स्वतःचं नाव उमटलं. त्या दिवसाबद्दल तुम्ही जन्मात मला एकच गोष्ट सांगितलीत: पलीकडे बसलेल्या माणसाने नाव ओळखलं आणि त्याचा हात धीमा झाला. तारेवर माणसं एकमेकांना हातावरून ओळखतात, असं तुम्ही म्हणायचात. त्याने हात धीमा केला म्हणून तुम्हाला उरलेली तार ऐकायची गरजच राहिली नाही. तरी तुम्ही शेवटपर्यंत घेतलीत. मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली. पोचल्याची खूण दिलीत आणि खुर्चीवरून उठलात.

पुढचं मला आक्कांनी सांगितलं, तुमच्या थोरल्या बहिणीने. तुम्ही सांगितलं नाहीत.

दुपारची पॅसेंजर मिळत होती. तुम्ही ती सोडलीत. आक्का खामगावला होत्या. त्यांना तार केलीत, तोच मजकूर, आणि त्या मोटारीने अकोल्याला येईपर्यंत थांबलात. आई गेली, आता आपण दुपारी पोचलो काय आणि संध्याकाळी पोचलो काय. अग्नी द्यायला गाव थांबेल. पण बहिणीने एकटीने हा प्रवास करू नये. गाडीत तिच्या संगतीला कुणी असावं. असं तुम्ही ठरवलंत. मधल्या वेळात बाजारात जाऊन पांढरं कापड आणलंत आणि पिशवीत तळाशी ठेवलंत.

आक्का आल्या त्या मोसंबी घेऊन. त्यांना तुमच्या तारघराची रीत ठाऊक नव्हती. सीरियस म्हणजे आजारी, फार आजारी, एवढंच त्यांना शेजारच्या वकिलाने सांगितलं होतं. आईला रस द्यायचा म्हणून ओचाभर मोसंबी. गाडीत दोघं समोरासमोर बसलात. आक्का दर स्टेशनाला म्हणायच्या, "कावून इतका येळ थांबते रे ही गाडी? रस पोटात गेला म्हनजे हुशारी येते मानसाले." आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "त्याले मी म्हनलं, बोल ना काई," आक्का मला सांगत होत्या. "पन त्याचं तोंड असं झालं होतं जसं का त्याले सारं माईत हाय."

गावी पोचलात तेव्हा दिवेलागण झाली होती. तुमच्या काकू दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "आता रे. आत्ता गेली. सारी दुपार इचारून रायली होती, माहा तारबाबू आला का?"

बंडूगुरुजींनी खरं तेच लिहिलं होतं. सासूबाई सीरियस होत्या. त्या शब्दाचा जो अर्थ शब्दकोशात आहे, तोच. मूर्तिजापूरच्या त्या माणसाचा हात धीमा झाला तो दुःखाने नव्हे, नुसत्या काळजीने. दुपारची गाडी धरली असती तर तुम्ही पोचला असता.

मोसंबी घेऊन निघालेली बहीण बरोबर होती आणि कापड घेऊन निघालेला भाऊ चुकला होता, आणि दोघांच्या हातात एकच शब्द होता. मी कितीदा त्या डब्यात जाऊन बसते. मी तिथे नव्हते. तरी मला ती पिशवी दिसते, आक्कांच्या मांडीवरून एक मोसंब घरंगळतं, तुम्ही वाकून ते उचलून देता. हे घडलं की नाही कोण जाणे. पण तुम्ही उचलून दिलंच असेल.

मी सतीशला घेऊन तुमच्या गावी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर बसला होतात. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलंत आणि म्हणालात, "बुडीनं नाई पायलं याले." बस. गुरुजी एका कोपऱ्यात बसून होते, अपराधी माणसासारखे. त्यांचा काय दोष? तुम्ही स्वतः उठून त्यांना पाणी नेऊन दिलंत, एवढं मी बघितलं.

"मी सांगितलं होतं," हे तीन शब्द माझ्या तोंडात होते आणि मी ते गिळले, त्या दिवशीही आणि पुढेही. तेव्हा मला वाटलं की हे माझं मोठेपण. आता वाटतं, मी बोलले असते तर तुम्ही निदान भांडला असतात. न बोलून मी ते वाक्य घरात तसंच ठेवलं, आणि आपण दोघं त्याला वळसा घालून चालत राहिलो.

आणि एक विचारायचं होतं तेही राहिलं. सरूबाईच्या मुलाला तुम्ही विचारलं होतंत, थोडीशी जागा राहिली होती का. तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला ती जागा वाटत होतात. मग स्वतःसाठी का नाही ठेवलीत? एका क्षणासाठी तरी का नाही वाटलं, की असेल, अजून असेल? मला तुमची चूक लागत नाही, मला हे लागतं. मी हे लिहिताना मध्ये दोनदा उठले.

सुटी संपवून तुम्ही अकोल्याला गेलात आणि काही दिवसांनी गल्लीत कुजबुज सुरू झाली. तारबाबू आता खिडकीत बसून उलटतपासणी घेतात. कुणी आजारपणाची तार घेऊन आलं की विचारतात, "खरं सांग, हाय का गेला?" गेला म्हटलं तर पूर्वीसारखंच सीरियस. ती रीत तुम्ही मोडली नाहीत. पण आहे म्हटलं, की मजकुरात आपल्या मनाने दोन शब्द घालायला लावायचे. बट अलाइव्ह. फादर सीरियस बट अलाइव्ह स्टार्ट.

लोकांना ते अभद्र वाटायचं. एक म्हातारा तर ओसरीवर येऊन माझ्याकडे तक्रार करून गेला: "जित्ता हाय असं कोनी लिवते का, बाई? नजर लागते! समजावा तुमच्या मालकाले." तुम्ही आतून ओरडलात, "लिवतेत, बाबा. आपल्या अकोल्यात लिवतेत." मग लोकांनी तुमचं नावच पाडलं, अलाइव्हबाबू. बडनेऱ्याचे तुमचे मित्र, ते रेल्वेतले गार्ड, ते तर मुद्दाम तार करायचे: रीचिंग संडे अलाइव्ह. आणि रविवारी दारात येऊन विचारायचे, "वहिनी, तार मिळाली ना? मंग भुतासारख्या काय पाहून राहिल्या?"

मलाही तो शब्द खटकायचा. माझं खटकणं व्याकरणाच्या बाईचं होतं. एका संध्याकाळी मी ताट वाढता वाढता म्हटलं, "अहो, हे दोन शब्द फुकट जातात. सीरियस म्हटलं की माणूस जिवंत आहे हे त्यात आलंच. मेलेला माणूस सीरियस कसा असेल?"

तुमचं बोट ताटाच्या कडेवर थांबलं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "सीरियस म्हनजे जित्ता असते का?"

नुसतं एवढंच. खोचून नाही, खरंच विचारल्यासारखं. मी भाकरी घेऊन उभी राहिले. सगळ्या वादातलं तुमचं हे शेवटचं वाक्य. शब्दकोश माझ्या बाजूने आहे आणि तरी नाही.

मग तो शब्द घरातच राहायला आला. पुढच्या शिक्षणासाठी मी अमरावतीला राहिले तेव्हा तुम्ही बजावलंत, पोचली का तार कर, अन अलाइव्ह लिव. मी कुरकुरत लिहायचे, रीच्ड अलाइव्ह. सतीश नागपूरला वसतिगृहात गेला, तोही लिहायचा. परदेशी गेला तरी लिहायचा. विमानातून उतरल्यावर एक शब्द. त्याच्या बायकोला वाटायचं हा काहीतरी बापलेकांचा विनोद आहे. सतीश सोडून कुणाला कधी सांगितलं नाही आपण, तो कुठून आला ते. तुमची नोकरी संपल्यावर आपण राजापेठेत, माझ्या माहेरच्या या घरी राहायला आलो. तार सरकारने बंद केली तेव्हा तुम्ही पेपरातली बातमी वाचलीत, घडी घातलीत आणि म्हणालात, "चला. आता मोबाईलावर लिवा लागते." हसलात. मी तुमच्या बोटांकडे बघत होते. ती टेबलावर काहीतरी सांगत होती, पण मला टकटक कधी शिकताच आली नाही.

आणि मग ती दुपार. तुम्ही जेवलात, वरणात लिंबू जास्त झालं म्हणालात, खुर्चीत बसलात. मी ताटं उचलून आले तेव्हा तुम्ही नव्हतात. शेजारचे डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाले, "ही इज नो मोअर." माझ्या मनात आलं ते सांगते, हसू नका. मला वाटलं, तीन शब्दांतला हा जरा बरा आहे.

सतीशला कळवायचं होतं. फोन करावा तर त्याचा आवाज ऐकून माझ्याने बोलवलं नसतं. मी मोबाईल घेतला आणि लिहायला बसले. डाइड. पुसलं, वर्तमानपत्रातल्यासारखं वाटलं. पास्ड अवे लिहिलं. तुम्ही कुठे अवे गेला होतात? समोर खुर्चीत होतात. पुसलं. एक्सपायर्ड लिहिलं आणि निखिल आठवला. मागे आला होता तेव्हा म्हणाला होता, आजी, एक्सपायर्ड दूध होतं, माणूस नाही. तेही पुसलं. जन्मभर मुलींना सांगत आले, जवळच्या शब्दांतून नेमका निवडा. आणि माझा अंगठा नुसता हवेत फिरत होता. मग मला सतीश दिसला, त्या लांबलचक प्रवासात, अंधाऱ्या विमानात, आणि त्याला धरायला कुणी नाही. मी लिहिलं: बाबा सीरियस. स्टार्ट.

अलाइव्ह लिहिलं नाही.

सतीशला कळलं. तो तुमचा मुलगा. तो नंतर मला म्हणाला, "आई, मी पुन्हा पुन्हा वर-खाली करून बघितलं, तो शब्द कुठे राहिला तर नाही." तो समजला होता, आणि तरी त्याला थोडी जागा होती. तुमच्या बाजूने एवढं मी मान्य करते, आणि हे तुम्हाला सांगायला मला इतका उशीर झाला आहे.

पण त्या विमानात तन्वीही होती. तिला घरची रीत कुणी शिकवली नव्हती. तिने तुमच्यासाठी लोकरीची टोपी घेतली होती, करडी, कानावर येणारी. आजोबांच्या डोक्याला थंडी वाजते म्हणून. सतीश म्हणतो, सगळा प्रवास ती टोपी तिच्या मांडीवर होती. बापाने खिडकीकडे तोंड केलं होतं आणि पोरगी त्याला विचारत होती, आजोबांना हॉस्पिटलात टोपी घालू देतील ना?

मी सतीशला धरायला शब्द पाठवला आणि आक्कांना विसरले. तीच गाडी, तीच दोन माणसं समोरासमोर. फरक इतकाच, की या वेळी कापडवाला बरोबर होता आणि मोसंबीवाली फसली.

तुम्ही असता तर काय लिहिलं असतंत? हे मी रोज विचारते, भाजी चिरताना, दार लावताना. तन्वीला ठाऊक असतं तर सीरियस हा शब्द दयेचा ठरला असता. ठाऊक नव्हतं म्हणून तो तिला खोटा झाला. शब्द तोच, पाठवणारी तीच. म्हणजे चूक शब्दात नव्हती, आपण तिला आपल्यात घेतलं नाही यात होती का? की मी पहिल्यापासून म्हणत होते तेच खरं, डेड लिहायचं, आणि गाडीतल्या माणसाने ते सोसायचं? मला ठरवता येत नाही. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला कधी काही ठरवता आलंच नाही.

तन्वी, आजोबांशी बोलता बोलता तुझ्याकडे वळते. तुझं इंग्रजी बरोबर आहे. ते दोन शब्द एक नाहीत, आणि तुला मी खरं कळवायला हवं होतं. आता तुला घरची रीत सांगून झाली. यापुढे तुला कुणी या बाबतीत बाहेर ठेवणार नाही.

अहो, तिने जाताना ती टोपी तुमच्या खुर्चीवर ठेवली. मला वाटलं विसरली. सतीश म्हणाला, नाही, ठेवली. इकडे थंडी पडायला लागली आहे. सकाळी मी ती घालते. मला जरा सैल होते, पण कान झाकतात.

या आठवड्यापासून रोज सकाळी चहा झाला की मी तिला एक शब्द पाठवते, सतीशला पाठवते तोच. अलाइव्ह. अजून तिचं उत्तर नाही. उद्या पुन्हा जाईल. तुमचं तारघर राहिलं नाही, यंत्र राहिलं नाही, मूर्तिजापूरचा तो हात कुठे गेला कोण जाणे. तुमचा शब्द आहे, आणि राजापेठेतून तो रोज निघतो आहे.